तळ्यापलीकडचा ‘हो’

लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मी नवऱ्याला नावाने हाक मारत नाही. यात पतिभक्ती वगैरे काही नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंसमोर ‘अहो’ म्हणावं लागलं, ते जिभेला चिकटलं आणि पुढे बदलायचा कंटाळा केला. मग आम्ही अशा देशात आलो, जिथे लोक पंतप्रधानांचाही उल्लेख पहिल्या नावाने करतात. ऑकलंडच्या विमानतळावर माझं लोणचं काढून घेतलं, ‘अहो’ तेवढं आत आलं.

आमची मुलगी इथेच जन्मली. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते इंग्रजीत.

“मम, ही हॅज अ नेम, यू नो.”

“असू दे. मी हाक मारली की कळतं ना तुझ्या बाबांना?”

“एव्हरी अंकल टर्न्स अराउंड!”

खोटं नाही. गणपतीच्या आरतीनंतर मी ‘अहो’ म्हटलं की हॉलमधली चार-पाच टकली वळतात. आमचे हे तेवढे वळत नाहीत, आणि ‘ओ’ही देत नाहीत. चहा झाला असं समजून ते सरळ उठून येतात. या सवयीची पुढे मला चांगलीच किंमत कळायची होती.

फ्लॅट बुश या आमच्या ऑकलंडच्या उपनगरातल्या ओळखीच्या काही गृहस्थांना पन्नाशीत सायकली सुचल्या. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारी ही मंडळी रविवारी पहाटे घट्ट कपड्यांत रस्त्यावर दिसू लागली. थोड्याच दिवसांत त्यांना फ्रान्स सुचला. जंगलं आणि तळी यांच्या मधून जाणारे सपाट, निवांत रस्ते, वाटेत गावं, गावांत पाव. सहल म्हटलं असतं तर भागलं असतं, पण नाव ठेवलं ‘मोहीम’. एक कॅप्टन नेमला गेला. जर्सीवर पुढे आयफेल टॉवर आणि मागे गडाचा बुरूज. कॅप्टनच्या गॅरेजमध्ये ओळीने सायकली मांडून पूजा झाली. फेटा बांधलेल्या कॅप्टनने भाषण केलं, त्यात ‘घोडदौड’ हा शब्द बराच आला. नारळ गॅरेजच्या काँक्रीटवर फोडला, तेव्हा पाणी एकाच्या गिअरवर उडालं आणि तो आरती संपेपर्यंत फडक्याने साखळी पुसत बसला. आमचे हे फोनवरून फ्रेंच शिकत होते. “तळ्याला एतां म्हणतात,” ते सांगत. कॅप्टन त्याला ‘ईटांग’ म्हणायचे.

मग यांच्या छातीत दुखलं, आणि फ्रान्सच्या जागी हॉस्पिटल आलं. स्टेंट बसला. मोहीम पुढे ढकलली गेली, याचं मला जरा वाईट वाटलं, कारण त्या सबंध गटात यांच्याशिवाय कुणीच सहलीचं माहितीपत्रक नीट वाचलेलं नव्हतं. पुढे डॉक्टरांनी हळूहळू सायकल चालवायला हरकत नाही म्हटलं. कॅप्टनने मात्र अट घातली: आधी इथे रंगीत तालीम, मग फ्रान्स. बाकीच्यांची तालीम हे बिछान्यात असतानाच उरकली होती, त्यामुळे यांना एकट्यानेच करावी लागणार होती.

“एकटे नाही. मी येतेय,” मी म्हटलं.

“तुला जमेल?”

“माझी सायकल बॅटरीवर चालते, तुमची स्वाभिमानावर. बघू कोण आधी दमतं.”

मी फार्मसिस्ट आहे. माझा विश्वास फक्त एक्सपायरी डेटवर असतो. छातीत कळ आली तर जिभेखाली मारायचा स्प्रे यांच्या खिशात ठेवला की हे धुवायच्या कपड्यांत टाकतात, म्हणून तो मी माझ्या हँडलच्या पिशवीत ठेवला. इथेच माझं चुकलं. पण ते मला दोन तासांनी कळलं.

ऑकलंडच्या वायव्येला, किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांआड पाइनचं लागवडीचं जंगल आहे. टेकड्यांच्या मधे पाणी अडून तळी झाली आहेत. जंगलं आणि तळी, म्हणजे पत्रकाबरहुकूम फ्रान्स. शनिवारी लाकडाचे ट्रक नसतात. आम्ही सकाळी फाटकाशी गाडी लावली आणि बाजूच्या फटीतून सायकली आत घेतल्या. धुकं होतं, पण ऑकलंडचं धुकं नाश्त्याच्या वेळेपर्यंत उठतं, हा माझा अनुभव होता.

लावलेलं जंगल हे खऱ्या जंगलापेक्षा भीतीदायक असतं, हे मला त्या दिवशी कळलं. खऱ्या जंगलात गोंधळ असतो, त्यात माणूसही खपून जातो. इथे झाडं ओळीत उभी होती. आपण सायकलवरून जाऊ लागलो की खोडं एकमेकांमागे लपतात, मग एकदम सरळ रेषेत येतात आणि दूरवर एक लांब बोळ उघडतो. पुढच्या क्षणाला तो मिटतो. प्रत्येक बोळ मिटताना त्याच्या टोकाशी कुणीतरी नुकतंच बाजूला झालं असं वाटायचं. खाली सुयांसारख्या पानांचा जाड थर, त्यामुळे चाकांचाही आवाज नाही. पक्षी नव्हते. एक फॅनटेल तेवढा पंख्यासारखी शेपटी उघडमीट करत आमच्या मागे येत होता. चाकांनी उडालेले किडे तो खातो, इतकंच. तरीही मी दोनदा वळून पाहिलं.

पहिल्या तळ्याचं पाणी उकळलेल्या काढ्याच्या रंगाचं होतं. काठावर एका झाडाला कुणीतरी खिळ्याने एकच जँडल ठोकला होता. इथे रबरी सपातेला जँडल म्हणतात. निळा, डाव्या पायाचा. मी जॅकेट काढायला थांबले.

“मी पुढच्या वळणावर थांबतो,” हे म्हणाले.

“हळू जा.”

“अगं, तळ्याभोवती रस्ता आहे, जाणार कुठे?”

हे धुक्यात गेले. जॅकेट काढून, घडी करून, पिशवीत कोंबायला लागतो तेवढाच वेळ गेला. मी वळणावर पोचले, तेव्हा तिथे कुणी नव्हतं. पुढच्या वळणावरही नाही. रस्त्याला फाटे फुटत होते, सगळे सारखे, सगळे सरळ. मी तळं उजव्या हाताला ठेवून चालवत राहिले, आणि बऱ्याच वेळाने समोर झाडाला ठोकलेला निळा जँडल आला.

आमच्याकडे याला चकवा म्हणतात. रानातलं ते काहीतरी, जे माणसाला फिरवून फिरवून त्याच जागी आणतं. तळ्याला गोल चक्कर मारली की माणूस त्याच जागी येतो, त्याला भुताची गरज नसते, हे मी स्वतःला समजावलं. पण गोल चक्कर मारूनही हे मला कसे भेटले नाहीत, याचं उत्तर त्यात नव्हतं. फोनला रेंज नव्हती. माझा हात हँडलच्या पिशवीवर गेला आणि आत ती स्प्रेची छोटी बाटली लागली. ती माझ्याजवळ होती, म्हणजे त्यांच्याजवळ नव्हती.

मी हाक मारली, “अहो!”

पाण्यापलीकडून लगेच आलं, “...हो.”

इतकं हायसं वाटलं की मी विचारच केला नाही. घरी इतक्या वर्षांत कधी न मिळालेलं उत्तर असं झटपट मिळालं, तेव्हाच संशय यायला हवा होता. मी आवाजाच्या दिशेने रस्ता सोडला आणि काठाच्या गवतातून सायकल ढकलू लागले.

“अहो, कुठे आहात?”

“...हात,” पलीकडून आलं.

पुढचं चाक थांबलं. खाली बघते तर चाक काळ्या चिखलात अर्धं रुतलेलं, आणि माझे बूट भरत होते. समोर गवत नव्हतंच, पाण्यावर तरंगणाऱ्या लव्हाळ्याची जाळी होती. अजून थोडं पुढे गेले असते तर मी त्या काढ्यात असते. मी अंग चोरून उभी राहिले आणि हळूच, जवळजवळ नेहमीच्या आवाजात विचारलं, “छातीत दुखतंय का?”

तळं म्हणालं, “...का?”

प्रतिध्वनी. शाळेत शिकलेला, पुस्तकात आकृती असलेला प्रतिध्वनी, शब्दाची शेपटी परत करणारा. मी ‘अहो’ म्हणत होते, तो ‘हो’ म्हणत होता. इंग्रज बाई असती तर तिला तिच्याच नवऱ्याच्या नावाचा तुकडा ऐकू आला असता आणि ती लगेच शहाणी झाली असती. मला होकार ऐकू आला.

सायकल उपसून मी रस्त्यावर आले. ‘अहो’ म्हणून उपयोग नव्हता. कारण माझे हे ‘अहो’ला उत्तर देत नाहीत, उठून येतात, आणि या तळ्याकाठी ते कुठल्या आवाजाकडे चालू लागतील ते सांगता येत नव्हतं. मुलीचं वाक्य आठवलं. ही हॅज अ नेम.

मी यांना नावाने हाक मारली.

आवाज माझा वाटला नाही. जरा वरच्या पट्टीतला, कुणा दुसऱ्या बाईचा. तळ्याने नावाची शेवटची दोन अक्षरं परत केली. मग शांतता. फॅनटेलही कुठे गेला होता. मी पुन्हा हाक मारली, आणि वाट पाहत उभी राहिले. बाटली मुठीत धरली होती. माझ्या मनात हा माणूस आडवा पडलेला दिसत होता. इतक्या वर्षांत या नावाचा मी काहीच उपयोग केला नाही आणि आता केला तर ते ऐकायला कुणी नाही, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं.

“ओ... कोण आहे?”

आवाज माझ्या पाठीमागून आला, अगदी जवळून. हे झाडांच्या ओळीत सायकल धरून उभे होते. चेहरा पांढरा, ओठ कोरडे. मी आधी नाडी पाहिली, मग छातीचं विचारलं. दुखत नव्हती. मग रागावले.

“कुठे होता तुम्ही?”

“तू मला समोरून हाक मारलीस. ‘अहो’ म्हणून. मी आडव्या रस्त्याने तिकडे गेलो, तर तू नाहीस. पुन्हा ऐकलं, ते मागून.”

“मग ओरडायचं ना!”

“ओरडणारच होतो. तेवढ्यात कुणीतरी नावाने हाक मारली.”

“मग?”

हे खाली बघत म्हणाले, “तू कधी नावाने हाक मारतेस? आमच्या गावी सांगायचे, रानात नावाने हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. तिसरी आली तरच.”

मी या माणसाकडे बघत राहिले. याच्या हाताखाली कॉम्प्युटर सांभाळणारी वीस माणसं काम करतात. तो पाइनच्या झाडामागे श्वास रोखून माझ्या हाका मोजत होता.

फाटकाशी येईपर्यंत धुकं उठलं होतं. तळी आता साधी तळी दिसत होती. सायकली रॅकवर बांधताना हे म्हणाले, “फ्रान्सला तुला यावं लागेल.”

“फेटा मिळणार असेल तरच.”

“चेष्टा नाही. तिथेही जंगल, तिथेही एतां. हाक आली तर कळायला हवं ना, तुझी कुठली.”

“आज नाही कळली?”

“पहिल्या दोन परक्या वाटल्या, म्हणून गप्प राहिलो,” हे पट्टा आवळत म्हणाले. “तिसरी मात्र हुबेहूब तुझी होती. पूर्ण नाव, अगदी कानाशी. म्हणून तर ओ दिली.”

मी दोनदाच हाक मारली होती. आणि ते तळं पूर्ण शब्द परत करत नव्हतं.

मी स्प्रे काढून त्यांच्या जर्सीच्या खिशात ठेवला, खिशाची चेन ओढली आणि म्हटलं, “अहो, बसा गाडीत. मी चालवते.”

नेहमीसारखी ‘ओ’ न देता हे सरळ येऊन बसले.