बर्फीने पसंत केलेली बोट

मंडळी, आज पासिर रिसच्या समुद्रकिनाऱ्यावर जुनी बोट बघायला गेलो होतो. आमची कुत्री बर्फी सोबत होती, कारण तिला फिरवायलाच बोट हवी होती.

विकणारे ऑस्ट्रेलियन गृहस्थ मायदेशी परत चाललेत. त्यांच्या तीन बोटींपैकी पहिल्या दोन्हींना उंच सीट होती. मी वर बसलो की बर्फी खाली थरथरायची आणि बाहेर उडी मारायची.

"बाबा, ती घाबरतेय ला," मुलगी शेवटी इथल्या बोलीतला 'ला' लावून म्हणाली.

"मग राहू दे बोट," बायको म्हणाली.

तिसरी बोट बुटकी आणि सपाट होती. बदकांच्या शिकारीची, शिकारी हिच्यात आडवा पडून राहतो, असं ते म्हणाले. आम्ही अंडंही न खाणारी माणसं. तरी बोट वाळूवर असतानाच तिच्यात आडवा होऊन पाहिलं. बर्फी आपणहून आत आली, माझ्या पोटावर हनुवटी टेकली आणि झोपली.

बोट घेतली.

आता स्टोअररूममध्ये ती उभी करून मावते, पण मग गणपतीचं मखर बाहेर काढावं लागतं. कोणाकडे मखराला जागा आहे का? बोट ठेवून घेतो म्हणू नका. ती हॉलमध्ये आहे आणि बर्फी अजून तिच्यातच झोपली आहे.