मोरीची नऊ पिल्लं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. आणि जिच्या बाबतीत हे घडलं, ती एकदा समोर आली तेव्हा मी तिला विचारलं, बांगडे ताजे आहेत का. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असावं. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ अजून उचलत नाही.

मी निवृत्त शिक्षिका. पेडण्यातल्या केरीच्या शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं. सासर इथलंच, त्यामुळे गावात मला सगळे ‘टीचर’ म्हणतात — जावासुद्धा. माहेर डिचोलीकडचं, कारापूरचं. तिथे समुद्र नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला चार मासळ्यांची नावं येत नव्हती, आणि पुढे मीच या गावाला मासळी शिकवायला निघाले. आमच्याकडे म्हणतात ना, काल आलेली सून आणि आज घराची धनीण.

मोरी म्हणजे लहान जातीचा शार्क. हातभर लांब, करडा, कातडं खरखरीत. (घाटावरच्या वाचकांनी न्हाणीघराची मोरी डोक्यातून काढून टाकावी.) काटा नावाला, मांस मऊ. आमच्याकडे बाळंतिणीला मोरीचं सुकं घालतात. मिरी-लसूण जास्त, तिखट कमी. त्याने अंगावर दूध येतं अशी समजूत. समजूत म्हणते आहे, हे लक्षात ठेवा — तेव्हाही मी समजूतच म्हणत होते.

आता खरं तर मुद्द्यावर यायला हवं. पण आधी नियमाचं सांगते, नाहीतर माझ्या चुकीचं वजन तुम्हाला कळणार नाही.

एकदा मी वर्गात मोरी कापून दाखवली. इतर मासळी अंडी घालते, लाखांनी. मोरी पिल्लांना पोटात वाढवते, आणि तीही मोजकी. मी पोट उघडलं आणि आतली पिल्लं मेजावर ओळीने मांडली. मुलांनी ती मोजली. घरी जाऊन त्यांनी सांगितलं, आणि आठवड्याभरात रापणीचे म्हातारे तांडेल, म्हणजे म्होरके, माझ्याकडे आले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन दोऱ्यांनी ओढायचं मोठं जाळं. वाडीतले वीस-पंचवीस हात ते ओढतात, आणि ज्याचा हात दोरीला त्याचा मासळीत वांटा. तांडेल म्हणाले, पूर्वी जाळ्यात मोऱ्यांचा ढीग यायचा, आता चार-पाच दिसतात. पोटातलीच आपण खाऊन बसलो की काय?

देवळाच्या सभामंडपात सभा भरली. मी बोलले. चांगलं बोलले. रापणीत मासळी जिवंत येते, तेव्हा पोट भरलेली मोरी हाताला लागली की तिथेच पाण्यात सोडायची, असं ठरलं. जो मोडेल त्याने त्या हंगामात दोरीला हात लावायचा नाही, म्हणजे त्याचा वांटा बंद. देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. वहीत नियम लिहिला तो मी. अक्षर माझं बरं आहे.

त्या सभेत एकच प्रश्न आला. शेवंतीबायने विचारला. ती विधवा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी; पहाटे दोरी ओढायची, आणि आपला वांटा पाटीत घालून तिंट्यावर, म्हणजे बाजारात, विकायला बसायची. मागच्या खांबाकडून ती म्हणाली,

“आनी बाळंतिणीक काय घालायचां, टीचर? तिच्यापुरती सूट ठेवा.”

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, “एकदा सूट दिली की हंगामभर वाडीतली प्रत्येक बाई बाळंतीण होईल.” सभा हसली. पुरुष जास्त हसले. मग मी नाचणी, मेथी, पातळ पेज आणि भरपूर पाणी यांवर पाचेक मिनिटं सांगितलं, आणि सूट ठेवली गेली नाही. शेवंतीबायही हसली होती, असं मला वाटतं. नक्की नाही. मी तिच्याकडे नीट पाहिलंच नाही.

दोन वर्षांनी माझी लेक प्राची बाळंतपणाला आली. मुलगी झाली. दूध उतरेना. डॉक्टर म्हणाले, पहिलटकरणीला लागतात तीन-चार दिवस, बाळाला लावत राहा, घाबरू नका. मला हे सगळं ठाऊक होतं — मी शिकवलेलं होतं. पण बाळ रडत होतं आणि प्राचीही रडत होती, आणि रविवारी विहीणबाई येणार होत्या. त्या पहिला प्रश्न कोणता विचारणार हेही मला ठाऊक होतं. मोरी घातली का? नाही म्हटलं असतं तर त्या काही बोलल्या नसत्या. नुसतं ‘हं’ म्हणाल्या असत्या. त्या ‘हं’ची मला भीती वाटली. हसाल तुम्ही. पण माझ्या हातून जे झालं त्यात बाळाच्या रडण्याइतकाच वाटा त्या ‘हं’चा होता.

शनिवारी पहाटे मी किनाऱ्यावर गेले. रापण नुकतीच ओढून काठाला लागली होती. माणसं जाळ्याच्या मधल्या भागावर वाकलेली, शेवंतीबाय एका टोकाला बसून मासळी निवडत होती. मी तिच्या शेजारी उकिडवी बसले आणि हळू आवाजात सांगितलं, प्राचीला दूध नाही. एवढंच सांगितलं. मोरी हा शब्द मी उच्चारला नाही. किती हुशार होते पाहा!

तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिने जाळ्यातून एक मोरी ओढून काढली. त्या दिवशी ती एकच आली होती. तिने पोटावरून अंगठा फिरवला, आणि थांबली.

“ही भरलेली आसा, टीचर. जिती आसा. सोडूं?”

मोरीचे कल्ले हलत होते. पाणी चार पावलांवर होतं. माझ्या मनात एक वाक्य आलं — एका मोरीने समुद्र रिकामा होत नाही. हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहीत असे. प्रत्येक माणूस असं म्हणतो आणि म्हणूनच समुद्र रिकामा होतो, हे समजावण्यासाठी.

मी म्हणाले, “असू दे.”

आणि एवढ्यावर थांबले असते तरी बरं. मी पुढे म्हणाले, “इथेच साफ करून द्या.” का? डोकं आणि आतडी घरी नेली असती तर कुंपणावर कावळे बसले असते, शेजारच्यांनी पाहिलं असतं. ती होडी ठेवायच्या मांगरामागे, म्हणजे खोपीमागे, गेली. पिल्लं तिने वाळूत पुरली, मला मांस केळीच्या पानात बांधून दिलं. घरी मी उकळतं पाणी ओतून कातडं काढलं, सुकं केलं. प्राची म्हणाली, आई, हे काय? मी दुसऱ्याच मासळीचं नाव सांगितलं, मुडदुशी. तिला वासावरून कळलं असणार, पण ती थकली होती. तिने खाल्लं.

दूध दुसऱ्या दिवशी उतरलं. मोरीमुळे की डॉक्टर म्हणाले तसं आपोआप, हे मी सांगू शकत नाही. विज्ञानाच्या शिक्षिकेने तरी सांगू नये.

तिकडे त्याच शनिवारी कुत्र्याने वाळू उकरली. मांगरामागे सुरी धुताना शेवंतीबायला दोघांनी पाहिलं होतं. संध्याकाळी सभा. तांडेलांनी पिल्लं पानावर मांडून आणली होती. बोटाएवढी, पांढुरकी, नऊ. मी वर्गात मांडली होती तशीच ओळीने मांडली होती त्यांनी.

मी वही घेऊन बसले होते. सभेला जायचं नाही असं मनात आलं होतं. पण नाही गेले तर संशय येईल, असंही आलं. तांडेलांनी तिला विचारलं, कोणासाठी? ती जमिनीकडे बघत होती. एकदाही तिने माझ्याकडे पाहिलं नाही — पाहिलं असतं तर मी उठून उभी राहिले असते का? असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला विचारत आले. उत्तर सोपं आहे. तिने पाहायची गरज नव्हती. मला पाय होते.

ती म्हणाली, “घराकडे खाल्ली.”

कुणीतरी मागून म्हणालं, हिलाच तेव्हा सूट पाहिजे होती. लोक हसले. मी मान खाली घालून लिहिलं. तिचं पूर्ण नाव, ‘पोट भरलेली मोरी मारली’, ‘पिल्लं नऊ’, ‘हंगाम संपेपर्यंत दोरी बंद’. तांडेलांनी अंगठा घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, सही येते. मी तिच्या हातात पेन दिलं. आमच्या हातांचा स्पर्श झाला, आणि तिच्या बोटांना अजून मासळीचा वास होता. माझ्या बोटांना साबणाचा होता.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. हंगामाचे सहा महिने बाकी. तिंट्यावरची तिची जागा दुसरीने घेतली. मी काय केलं? तिच्या घरी नारळ पाठवले. तांदूळ पाठवले. तिने तांदूळ ठेवून घेतले आणि नारळ परत केले. त्याचा अर्थ मी लावत बसले नाही. लावला असता तर परवडला नसता.

फेब्रुवारीत मी माहेरी कारापूरला गेले होते. नाक्यावर वडाखाली एक बाई बर्फातली मासळी घेऊन बसलेली दिसली. शेवंतीबाय. ती म्हापशाला मासळी उचलून दोन बस बदलून इथवर येत होती. ओळखीचं कुणी फिरकणार नाही असं ठिकाण तिने शोधलं होतं, आणि ते नेमकं माझं माहेर निघालं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी पाच मिनिटांत सगळं बोलू शकले असते. तेव्हाच मी विचारलं, बांगडे ताजे आहेत का.

तिने निवडून मोठे बांगडे दिले. पिशवीचं तोंड बांधता बांधता, मी काही विचारलेलं नसताना म्हणाली, “बाळंतिणीच्या ताटातलां चार मानसांत काढूचां नसतां, टीचर. नात कशी आसा?”

नात चांगली आहे, म्हणाले. बांगडे घेऊन घरी गेले. ते खाल्लेही. भाऊ म्हणाला, ताजे दिसतात.

तिने तोंड का उघडलं नाही, ते असं कळलं. बाळंतिणीला दृष्ट लागू नये म्हणून. ते तिचं कारण. ते माझं करून घेण्याचा मोह मला कितीदा झाला — लेकीसाठी गप्प बसले, असं म्हणावं. पण मी लेकीसाठी गप्प बसले नव्हते. मी टीचर होते म्हणून गप्प बसले.

नियम टिकला. टिकला तो माझ्या भाषणामुळे नव्हे, तर वाडीतल्या सर्वांत गरीब बाईलासुद्धा सोडलं नाही, या धाकामुळे. शेजारची गावं बघायला आली. मला शाल-श्रीफळ मिळालं. तांडेल म्हणतात मोऱ्या पुन्हा दिसू लागल्या आहेत. मी मोजलेल्या नाहीत, आणि खोल पाण्यातले ट्रॉलर काय करतात ते आमच्या वहीत येत नाही. पण एखादी मोरी हातातून सुटून पाण्यात शेपटी मारत जाते तेव्हा बरं वाटतं. हे खोटं नाही. बरं वाटतं, आणि मग मी घराकडे वळते.

शेवंतीबाय पुढच्या हंगामात दोरीवर परत आली. आता तिचे गुडघे गेले आहेत, ओढत नाही, नुसती मासळी निवडते. माझी नात दुसरीत आहे. सुट्टीत येते तेव्हा तिच्याजवळ जाऊन बसते, आणि शेवंतीबाय तिला पोटावरून अंगठा कसा फिरवायचा ते शिकवते.

दर नारळी पौर्णिमेला, रापण पाण्यात जाण्याआधी, सभामंडपात नियम वाचतात. नंतर, तो कुणी मोडला होता आणि काय शिक्षा झाली, तेही वाचतात; नव्यांना माहीत असावं म्हणून. वहीत एकच नाव आहे. ते मागच्या खांबाशी बसून ऐकत असतं. वाचण्याचं काम माझ्याकडे आहे, कारण अक्षर माझं आणि आवाज मंडपाच्या शेवटापर्यंत पोचतो.

यंदाही मीच वाचलं. पूर्ण नाव, पिल्लं नऊ. कुठेही अडखळले नाही.