शीड नको

"असली चादर बांधून शर्यत जिंकतात होय? नवं शीड घ्या हिला," बाबांचे बँकेतले मित्र त्यांना म्हणाले. मी शेजारीच, चेन्नई बंदराच्या धक्क्यावर, आमची छोटी शिडाची होडी धूत होते. बाबांनी ऑर्डर द्यायला फोन काढला. शीड आलं असतं, तर यंदा दुसरं काहीच घेणं होणार नव्हतं.

खरं तर शीड चांगलं होतं. बोयाला वळसा घातला की भिजलेला जाड दोर जुन्या कप्पीत अडायचा. शीड उघडायला उशीर व्हायचा आणि तेवढ्यात दोन होड्या पुढे निघून जायच्या. महिनाभर मी हे पाहत होते, बोलले मात्र नव्हते.

मी पाइप बंद केला.

"बाबा, शीड नको. बारीक दोर आणि नवी कप्पी मागवा. होडी मी चालवते, काका."