चोवीस तास कोरडं

बाथरूमच्या टाइल्समधल्या फटी भरायला दोन तास लागतात. भरलेल्या फटी चोवीस तास कोरड्या ठेवायला मला तीन गुरुवार पुरले नाहीत, आणि तेवढ्यात माझं घरातल्या प्रत्येकाशी भांडून झालं. ते आठवलं की आजही डोकं तापतं.

पिंपळे गुरवला आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. घरात सासूबाई, नवरा, धाकटा दीर, मी आणि माझी सहा वर्षांची मुलगी. आम्ही तिघं कमावते, तिघं वेगवेगळ्या कंपन्यांत, शिफ्टा बदलत्या, आणि बाथरूम एक. सासूबाईंचा नियम असा की कंपनीतून आलेल्या माणसाने आधी अंघोळ करायची, मगच घरात कशाला हात लावायचा. "ते ऑइल न् ग्रीस घेऊन माझ्या ओट्यापाशी यायचं न्हाई." त्यामुळे दिवसाचा एक प्रहर असा नाही की आमच्या बाथरूममध्ये पाणी पडत नाही.

ते पाणी झिरपत होतं खालच्या काकूंच्या खोलीत, नेमकं त्यांच्या शिलाई मशीनवर. काकू एकट्या, भाड्याने राहतात, ब्लाउज शिवतात. प्लंबर बघून गेला. म्हणाला, पाइप ठणठणीत आहेत, टाइल्समधलं व्हाइट सिमेंट निघून गेलंय, तिथून पाणी जातंय. एकीचा लग्नातला ब्लाउज खराब झाला तेव्हा काकू वर आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत थांबते गं. नाहीतर मारुंजीला भावाने खोली बघून ठेवलीय."

शाळा सुटल्यावर माझी मुलगी काकूंकडे असते. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांच्याच्याने पोरीमागे धावणं होत नाही. काकू गेल्या की माझी चाकणची नोकरी गेली, इतकं सरळ होतं. मी नवऱ्याला सांगितलं. तो मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "मग सोड की. तसंही दगदग होते तुला."

सोड की! नऊ वर्षं रबराच्या सीलवरचे बारीक चिरे शोधून माझे डोळे गेले, तेव्हा कुठे मी इन्स्पेक्शनला टेबलाची हेड झाले, आणि हा म्हणतो सोड की. त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं नाही. त्याने स्वतः वाढून घेतलं, वर लोणचं मागितलं.

मिस्त्री दोन दिवस बाथरूम बंद ठेवा म्हणत होता, त्याला घरात कोणी तयार नव्हतं. म्हटलं, मरू दे, मीच करते. फटी भरायच्या ग्राउटचं पाकीट आणलं. दुकानदाराने बजावलं, "ताई, चोवीस तास थेंब नको." बुधवारी संध्याकाळी हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने फटी खरवडल्या, ब्रशने साफ केल्या, ग्राउट कालवून बोटाने दाबून दाबून भरलं, ओल्या स्पंजने पुसून घेतलं. नखं सोलली. गुरुवारी आमच्या कंपनीला सुट्टी. सकाळी पोरीला शाळेच्या गाडीत बसवून वर येते तर बाथरूममधून बादलीचा आवाज. नवरा रात्रीच्या थर्ड शिफ्टवरून आलेला. "अगं, सवय आहे, लक्षातच आलं नाही." ताज्या भरलेल्या फटींपैकी अर्ध्या वाहून गेलेल्या.

दुसऱ्या खेपेला दीर. त्याचं म्हणणं, "वहिनी, अंघोळ नाही केली, नुसते हातपाय धुतले." मी म्हटलं, "भावजी, थेंब म्हणजे काय ते कंपनीत शिकवत नाहीत का तुम्हाला?" तो गप्प उभा राहिला. त्याचं हे गप्प राहणं मला जास्तच चीड आणायचं. मी सासूबाईंनाही सोडलं नाही. म्हटलं, तुमच्या त्या नियमापायी माझी नोकरी जाणार आहे.

तिसऱ्या गुरुवारी सकाळी मी फटी भरल्या आणि बाथरूमच्या दारात स्टूल आडवं टाकून त्यावर कंपनीतला लाल रिजेक्टचा टॅग बांधला. सगळ्यांना ऐकवलं, "आज जो पाणी ओतेल त्याच्याशी मी जन्मभर बोलणार नाही." दुपारी कंपनीतून फोन आला, सीलचा एक लॉट परत आलाय, खराब माल निवडायचाय, सॉर्टिंगला या. नाही म्हणायची सोय नव्हती. आठवड्यापूर्वीच मी पोरीसाठी लवकर निघाले होते. सासूबाईंना राखणीला बसवून गेले.

परतताना मोशीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकले. घामाने, रबराच्या वासाने जीव नकोसा झाला होता. जिना चढले. दीर फर्स्ट शिफ्ट करून आलेला, मळक्या युनिफॉर्ममध्ये दाराबाहेरच्या पायरीवर बसला होता. मी त्याला वळसा घालून आत गेले. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. पर्स अडकवली, गाऊन घेतला, न बघताच स्टूल बाजूला केलं, बादली भरली.

तिसरा तांब्या अंगावर घेताना पायाखालून करडं पाणी वाहताना दिसलं.

मी तशीच उभी राहिले. मग कपडे चढवून बाहेर आले, तोवर काकू दारात. हातात भिजलेलं कापड. "आता गं कोण?"

मी ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला. आणि मी म्हणाले, "भावजी."

तो पायरीवरच होता. चेहऱ्यावर दिवसभराचं ऑइल, नखांत काळं. कुणा आंधळ्यानेही ओळखलं असतं की या माणसाच्या अंगाला सकाळपासून पाणी लागलेलं नाही. माझ्या धाकाने तो साडेतीनपासून तिथे बसून होता, सासूबाईंनी चहासुद्धा बाहेरच दिला होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उठून म्हणाला, "चुकलं काकू. उद्या मी स्वतः लक्ष ठेवतो."

काकूंनी रागाच्या भरात ना त्याचे हात पाहिले ना माझे केस, त्याला नाही नाही ते सुनावलं. बेजबाबदार म्हणाल्या, कामचुकार म्हणाल्या. मी टॉवेल धरून ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, त्यानेही टाकली. फटी आम्ही दोघांनी मिळून भरल्या आणि तो दारात खुर्ची टाकून बसला. या वेळी टिकलं. काकूंचं छत वाळलं, काकू राहिल्या, मी अजून रोज चाकणला जाते.

महिन्याभराने दीर गच्चीवर कपडे वाळत घालत असताना मी त्याला गाठलं. माझाच आवाज चढला. "तोंड नाही का तुम्हाला? सांगायचं ना तेव्हाच, वहिनींनी केलं म्हणून!"

तो चिमटे लावत म्हणाला, "माझ्यावर चिडून काकू कुठे जाणार होत्या, वहिनी? पण त्या तुमच्या भरवशावर थांबल्या होत्या, तुम्हीच केलंत असं कळल्यावर थांबल्या नसत्या. मग तुमच्या नोकरीचं काय झालं असतं?"

घरात एवढ्या जणांत माझ्या नोकरीचा विचार फक्त त्याने केला होता, आणि मी त्याचाच बळी दिला. राग कुणावर काढू ते मला कळेना. उरलेले कपडे मी त्याच्या हातातून हिसकावून घेतले आणि त्याला म्हटलं, "जा तुम्ही खाली."