यमुनाक्का विमानाला घाबरत नव्हती

माझी बहीण विमानाला घाबरत नव्हती.

विमानाच्या दारात तिला उभे राहायला सांगण्यात आले, आणि तिला उभे राहता येत नव्हते.

मी रघुनाथराव, बी. कॉम., तंजावुरातल्या एका पतसंस्थेत अकाउंटंट, यमुनाक्काचा धाकटा भाऊ. आज तिचे वर्षश्राद्ध. नातेवाइकांत वर्षभर फिरत असलेली एक चुकीची समजूत दुरुस्त करणे, हा या पोस्टचा उद्देश आहे. तमिळ शाळांत शिकल्याने ज्यांना देवनागरी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी हेच मी फॅमिली ग्रुपवर व्हॉइस मेसेज करून टाकले आहे.

तेराव्याची जेवणे उरकल्यावर आमचा मामेभाऊ सेतुराव पानाला चुना लावत म्हणाला, "चंदूने टोरांटोला एवढे बोलावले. अक्का एकदा जाऊन आली, पुन्हा नाही. विमानाला भ्यायची बिचारी."

सगळ्यांच्या माना हलल्या.

मी गप्प राहिलो, कारण तिला तसा शब्द दिला होता.

लहानपणी पोलिओने तिचे पाय गेले. त्यानंतर ती बी. एस्सी. झाली, तिने शाळेत गणित शिकवले, आणि ती बाजूला चाके बसवलेल्या स्कूटरवरून एकटी ओरत्तनाडूपर्यंत जाऊन यायची. वाटेत लॉरीवाल्यांशी तमिळमध्ये भांडायची. जिंकायची.

चंदू आमचा सर्वांत धाकटा, टोरांटोला असतो. त्याला उशिरा मुलगी झाली.

बाळाच्या कानात नाव आत्या सांगते. आमच्या घरात आत्या एकच.

"मी असताना दुसऱ्या कोणी नाव कशाला ठेवायचे?" अक्का म्हणाली. आम्ही चेन्नईहून निघालो.

विमान कंपनीला मी आधीच लेखी कळवले होते. प्रवाशाला चालता येत नाही. उभे राहता येत नाही. सीटांच्या मधून जाणारी अरुंद खुर्ची लागेल. दारातही लागेल, विमानातही लागेल.

उत्तर आले: "Noted, sir."

निघण्याच्या आदल्या दुपारपासून अक्काने पाणी पिणे सोडले.

"थोडी कॉफी तरी घे."

"घेईन रे. पण नंतर ती कुठे सोडू? खिडकीतून?"

विमानाच्या दाराशी व्हीलचेअरची रांग लागली होती. प्रत्येक खुर्ची दारात पोहोचायची, त्यातले आजोबा किंवा आजी उठायचे, पिशवी उचलायचे आणि चालत आत जायचे. एक आजोबा तर पुढच्या दोघांना मागे टाकून गेले.

त्यांच्या मुलांनी बुकिंग करताना व्हीलचेअर मागितली होती. आईवडिलांना इंग्रजी येत नाही, विमानतळ मोठा, आणि रांगेत उभे राहावे लागत नाही.

अक्का माझ्या कानाशी म्हणाली, "रघू, बघ. वैद्यनाथाच्या देवळात नवस बोलून होत नाही, ते ह्या दारात होते."

मग आमची पाळी आली.

"अम्मा, एंदिरिंग," तिथला कर्मचारी तमिळमध्ये म्हणाला. उठा. "दोनच पावले आहेत."

"मला उभे राहता येत नाही."

"सगळे असेच सांगतात, अम्मा."

हे वाक्य मी इतकी वर्षे कोणाला सांगितले नव्हते.

अरुंद खुर्ची आणलेलीच नव्हती. ती खरोखर लागेल, असे कोणाला वाटलेच नव्हते. शेवटी सामान चढवणारे दोन लोडर आले. एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने गुडघे धरले. आयुष्यभर पदराची पिन न चुकलेली माझी बहीण, पदर सुटलेल्या अवस्थेत, साऱ्या economy class मधून उचलून नेली गेली. काहींनी नजर वळवली. काहींनी वळवली नाही.

आत दुसरी अरुंद खुर्ची असायला हवी होती. नव्हती.

"मॅडम, थोडे चालता आले तर मी हात धरते," हवाई सुंदरी म्हणाली. अतिशय नम्रपणे म्हणाली.

शौचालय चार रांगा मागे होते. अक्काच्या दृष्टीने ते तंजावुरातच राहिले होते.

"त्यांना पुन्हा सांगू का?" मी विचारले.

"काय सांगशील? गप्प बस. मला हसवूही नकोस."

टोरांटोला पोहोचेपर्यंत तिला ताप भरला होता. डॉक्टर म्हणाले, पाणी न पिणे आणि लघवी रोखून धरणे, याने इन्फेक्शन झाले आहे.

बारशाला ती तापातच बसली. बाळाला मांडीवर घेऊन तिने कानात नाव सांगितले. कल्याणी.

मग मला म्हणाली, "प्रवासातले चंदूला काही सांगायचे नाही. त्याने बोलावले म्हणून झाले, असे त्याला वाटेल."

परतीचा प्रवासही तसाच झाला. तोही तिने काढला.

पुढे चंदू दरवर्षी बोलवायचा. सबबी संपल्यावर एक दिवस अक्का व्हिडिओ कॉलवर हसत म्हणाली, "मला विमानाची भीती वाटते रे बाबा."

ती समजूत तिथून सुरू झाली. कल्याणीला तिने पुन्हा कधी मांडीवर घेतले नाही.

गेल्या आठवड्यात चंदूचा फोन आला. वर्षश्राद्धाला सगळे येत आहेत म्हणाला.

"सासूबाईंच्या तिकिटात व्हीलचेअर टाकली आहे, अण्णा. तशा रोज पार्कात फिरतात. पण क्यू टळते."

मी अक्काला दिलेला शब्द मोडला आणि सगळे सांगितले.

चंदू म्हणाला,

"ती मला म्हणाली, भीती वाटते."

"होय. तुला म्हणाली."

ज्यांचे आईवडील धडधाकट आहेत, त्यांना माझे सांगणे आहे. इंग्रजीची अडचण असेल तर सोबत माणूस मागा. खुर्ची मागू नका.

आणि विमान कंपन्यांना: एखादी बाई उभे राहता येत नाही म्हणते, तेव्हा तिच्या आधी कोण उठले, हे तिला ऐकवू नका. तिला नेण्याचे भाडे तुम्ही घेतले आहे.

चंदू परवा पोहोचला. त्याच्या सासूबाई त्याचा हात धरून रांगेत उभ्या राहिल्या. काही बिघडले नाही.

अक्का, या वेळी त्या दारातल्या रांगेत एक खुर्ची कमी होती.

आमच्याकडून एवढेच झाले. नमस्कार.

रघुनाथराव
तंजावूर, यमुनाक्काच्या पहिल्या वर्षश्राद्धाचा दिवस