आभाळातून पकडलेला करपा

पोटासाठी मी समुद्रापलीकडच्या एका देशातलं भात आणि मका बघतो. त्या देशात मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. उभ्या भातातही ठेवलेलं नव्हतं. (गावी जायचो ते मे महिन्यात. तेव्हा शेतात फक्त क्रिकेट पिकतं.) पण हे ऑफिसात कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

काम सोपं आहे. परळच्या काचेच्या इमारतीत एसीमुळे स्वेटर घालून बसायचं, उपग्रहाने टिपलेली त्या उष्ण देशाची चित्रं बघायची आणि पिकाला शेरा द्यायचा: ‘उत्तम’, ‘समाधानकारक’, ‘लक्ष ठेवावे’ किंवा ‘चिंताजनक’. माझा पहिला शेरा कंपनीच्या अहवालात छापून आला, तेव्हा बाबांनी तो कागद लालबागच्या आमच्या चाळीत तिन्ही मजल्यांवर फिरवला.

“आमचो झील आभाळातसून भात बघता!” ते दूधवाल्यालाही सांगत.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी शेजारचे तावडेकाका गॅलरीत पेपर वाचता वाचता म्हणाले, “काय रे, परदेशातलं भात दिसतं तुला. तुमच्या गावचं दिसतं का?”

बाबांचा चेहरा पडला. प्रश्न इभ्रतीचा होता! मी लॅपटॉप आणून गॅलरीच्या कठड्याला टेकवला. मजल्यावरची सगळी मंडळी जमली. देऊळ सापडलं, विहीर सापडली आणि बाबा अभिमानाने म्हणाले, “ह्या आमचा शेत!” दहा मिनिटं आम्ही कौतुकाने पाहिलं. मग कळलं, ती दुसऱ्याची काजूची बाग होती.

शेवटी आमचा तुकडा सापडला. आजूबाजूची सगळी शेतं हिरवीगार, आणि मधोमध आमचं तेवढं पिवळं!

मी ऑफिसातला आवाज काढला. “चिंताजनक.”

“म्हणजे?” बाबा पांढरे पडले.

“रोग. पानं पिवळी पडलीत. करपा असणार.” (करपा हा शब्द मला महिनाभरापूर्वीच कळला होता. कधी वापरायला मिळतो याची वाटच बघत होतो.)

आतून पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, “अरे, पण यंदा तिथे पेरलंय काय, ते आधी ऐका तरी. थांबा, मी काकूला फोन लावते.”

“आई, हे तांत्रिक आहे!”

“आणि काकूक कित्याक घाबरवतंस?” बाबांनी तिला गप्प केलं. “भाऊक बीपी आसा. फोनार काय एक सांगूचा नाय. आपणच जावया!”

भाऊ म्हणजे माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ. गावची शेती तेच करतात. फवारणीला पंप हवा होता. लालबागमध्ये मसाला हवा तेवढा मिळतो, पण शेतीचा पंप मिळत नाही. तावडेकाकांनी मंडळाचा डास मारायचा पंप काढून दिला. त्याच्यावर मंडळाचं नाव होतं आणि मागच्या उत्सवातली झेंडूची माळही होती. पहाटेच्या गाडीला आम्हाला सोडायला निम्मी चाळ आली. कुणीतरी नारळ फोडला. माझ्या पाठीवर पंप आणि बाबांच्या तोंडी मी!

“मुंबैत बसान रोग धरल्यान ह्येना!” बाबांनी कंडक्टरला सांगितलं. पनवेलला चढलेल्यांना पुन्हा सांगितलं. महाडला तर मला उभं करून दाखवलं. खरं सांगतो, तेव्हा मलाही माझा फार अभिमान वाटत होता.

संध्याकाळी गाव आलं, तेव्हा काकांच्या दाराला कडी होती. पंप पाठीवर तसाच ठेवून आम्ही थेट शेतावर गेलो. पाहतो तर काका-काकू कमरेत वाकून विळ्याने सपासप भात कापत होते. लोंब्या दाण्यांनी वाकलेल्या, आणि सगळं शेत सोन्यासारखं पिवळं.

“इलास? बरा झाला!” काका ओरडले. “कापणीक माणसा गावनत नाय. आणि ह्यो पंप कसलो?”

“करप्याचा,” मी म्हणालो. आवाज ऑफिसातला राहिला नव्हता.

“खय आसा करपो?”

“पिवळं पडलंय ना!”

काकांनी एक लोंबी माझ्या नाकासमोर धरली. “मेल्या, पिकलेला भात पिवळाच दिसता!”

काकू तर बांधावर बसूनच हसायला लागली. ते हळवं भात होतं. लवकर पिकणारं. आजूबाजूची गरवी भातं अजून महिनाभर हिरवीच राहणार होती.

“मुद्दाम पेरलंय,” काका बाबांना म्हणाले. “दादा, तुझ्या झिलाक नोकरी लागली. म्हटला, ह्या दसऱ्याक तुमच्या लालबागच्या दारार आपल्याच शेतातल्या नव्या भाताचा तोरण बांधूया.”

मला रडू आलं. (पंपाचा पट्टा खांद्यात रुतला होता, तेही एक कारण.) आणि काकूने सांगितलं की हे सगळं तिने आईला पेरणीच्या वेळीच फोनवर सांगितलं होतं.

दोन दिवस मी भात कापलं. पहिल्या ओळीत बोट कापलं, दुसऱ्या ओळीत कंबर गेली. परतीच्या गाडीत कंडक्टर तोच निघाला, तेव्हा बाबांनी झोपेचं सोंग घेतलं. माझ्यामुळे त्यांना चाळीत खाली मान घालावी लागणार, याचंच मला वाईट वाटत होतं.

दसऱ्याच्या सकाळी बाबा स्टुलावर चढून दाराला लोंब्या बांधत होते. तावडेकाका आलेच. “काय, गेला का रोग?”

मी आत सटकलो. पण बाबांचा आवाज तिन्ही मजल्यांवर ऐकू गेला.

“कसलो रोग? भात पिवळा झाला ह्या मुंबैत बसान सांगल्यान माझ्या झिलान! गावात कोणाक पत्तो नव्हतो!”

सोमवारी ऑफिसात त्या परक्या देशाचा नकाशा उघडला. हिरव्यागार भातात एक तुकडा पिवळा दिसला. मी ‘चिं’ टाइप केलं आणि थांबलो. मग हळूच आईला फोन लावला.

“आई, इकडे एक शेत पिवळं दिसतंय गं.”

“मग मला काय विचारतोस?” आई म्हणाली. “तिथल्या काकूला फोन लाव.”

एवढा मोठा उपग्रह आमच्याकडे, पण तिथल्या काकूचा नंबर कोणाकडेच नाही. मी शेरा दिला: ‘लक्ष ठेवावे’. तो शेरा पिकापेक्षा माझ्यावरच होता.