करंगळीमागचं हाड

दादाला टीव्हीवरच्या मारामारीच्या गेमचं भारी वेड. लग्न झालं, रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सुपरवायझर झाला, तरी रविवारची दुपार म्हणजे हातात गेमचा रिमोट आणि घरभर धाड-धाड. त्यात एका ठोशात माणूस भिंत फोडून पलीकडे पडतो, आणि कपडे झटकून पुन्हा उभा! मला ते बघून किळस यायची. मी दवाखान्यात एक्स-रे काढते. खरा ठोसा लागला की माणूस उडत-बिडत नाही, जागच्या जागी खाली बसतो. आवाज म्हणाल तर उशीवर थाप मारल्याएवढा. आणि मारणाऱ्याचा हातही पुष्कळदा शाबूत राहत नाही, करंगळीमागचं तळहातातलं हाड मोडतं. असा हात घेऊन येणारे सगळे एकच सांगतात, "गिर गया, दीदी."

एका सोमवारी दादाच आला. उजवा हात टम्म सुजलेला.

"गाडीवरून पडलो," म्हणाला. "जल्दी कर, ड्युटीवर जायचं आहे."

तळहातावर साधं खरचटलेलंही नव्हतं. फिल्म पाहिली. तेच हाड.

"कोणाले मारलं?"

"भिंतीले. गेम हरून राहिलो होतो, डोकं सटकलं. घरी सांगू नको."

आमच्या घराच्या भिंती इतक्या खरबरीत की नुसती पाठ टेकली तरी ओरखडे उठतात. याच्या बोटांची सालसुद्धा निघाली नव्हती. मग मला वहिनी आठवली. दाढ दुखते म्हणून ती कालपासून नुसत्या चहावर होती, ओढणीनं तोंड झाकून. काल दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. आतून धाड-धाड ऐकू येत होतं, आणि मी नेहमीसारखी त्या गेमवर चिडत होते. त्यातच कधीतरी खरा ठोसा बसला असणार, आणि मला तो ऐकूसुद्धा आला नाही. दादाची शिसारी आलीच, माझीही आली.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा दादाच्या हाताला प्लास्टर होतं, आणि आई त्याला वरणभात भरवत होती. घास मऊ कालवून, लाडानं. वहिनी ओट्याशी पोळ्या लाटत होती. मी तिची ओढणी बाजूला केली. हनुवटीखाली काळंनिळं झालं होतं. तोंड मिटायला सांगितलं तर दातांवर दात बसेनात.

"आई, हिचा जबडा मोडला आहे. दादानं मारलं हिला."

आईनं पुढचा घास केला. "माहीत आहे मले. हळू बोल, शेजारचे ऐकून राहिले असतील."

माझीच आई ती. मी गॅस बंद केला.

"वहिनी, दवाखान्यात चल. जबड्याचा फोटो काढायचा आहे."

"अगं, पोळ्या तर होऊ दे," आई म्हणाली.

वहिनीनं पिठाचे हात न धुताच पायात चपला घातल्या.